घरचं पाणी, फ्लोराइड आणि मुलांचे दात: पेस्ट बदलायची, फिल्टर बदलायचा की पाणी?

निशिगंध

नमस्कार मंडळी. मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मागच्या आठवड्यात त्याला दंतवैद्यांकडे नेलं. वरच्या पुढच्या चारही दातांना हिरडीलगत कीड आहे आणि दोन दाढांना खड्डे पडलेत. फ्लोराइडची पेस्ट लगेच सुरू करा आणि व्हार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावून घ्या, असं त्यांनी सांगितलं.

आता घरातली अडचण. आम्ही पुण्यात राहतो, पण माझं सासर यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातलं. तिकडे फ्लोराइड म्हटलं की लोक घाबरतात, आणि त्याला कारणही आहे. नणंदेच्या गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिच्या मुलीच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. ती आता सहावीत गेली, हसताना ओठांवर हात धरते. गावात पन्नाशीतली माणसं गुडघे धरून उठतात. त्यामुळे मुलाला पहिल्यापासून ‘फ्लोराइडविरहित’ छापलेली वनौषधींची पेस्ट दिली, आणि घरी आरओ (पाण्यातले क्षार गाळून काढणारं यंत्र) आहे. सासूबाई म्हणतात, जे विष गावातून काढायला आपण धडपडतोय तेच नातवाच्या तोंडात कशाला घालायचं?

त्यांची काळजी मला कळते. पण एकाच घरातल्या एका मुलाचे दात फ्लोराइड न मिळाल्याने किडावेत आणि दुसरीचे जास्त मिळाल्याने डागाळावेत, असं खरंच होतं का? पुण्यातला आरओ काढावा का? आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावी असतो तेव्हा काय करायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

डॉ. पारिजात

मी लहान मुलांचे दात बघते. उत्तर ‘हो’ असंच आहे. तुमच्या घरातल्या दोन्ही मुलांना झालंय ते एकाच पदार्थाशी जोडलेलं आहे, पण दोन वेगळ्या वाटांनी.

आधी किडीचं. साखर मिळाली की दातांवरच्या थरातले जंतू आम्ल तयार करतात. तिथला सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. लाळ ते परत भरते. खाल्लं की झीज, थांबलं की भर, हे दिवसभर चालू असतं. लाळेत अगदी किंचित जरी फ्लोराइड असलं, तरी भरून येणारा थर जास्त चिवट होतो आणि ४.५ च्या आसपासच्या सामूपर्यंत टिकतो. म्हणजे कीड अडवण्याचं फ्लोराइडचं मुख्य काम तोंडात, दाताच्या पृष्ठभागावर होतं. पेस्ट लावली की होतं, योग्य प्रमाणात फ्लोराइड असलेलं पाणी दिवसभर घोट घोट प्यायलं तरी होतं.

डाग मात्र आतून येतात. कायमचा दात हिरडीच्या आत घडत असतो तेव्हा पोटात गेलेलं जास्तीचं फ्लोराइड रक्तातून तिथे पोहोचतं आणि कवच नीट पक्कं होत नाही. वरच्या पुढच्या दातांसाठी पहिली तीनेक वर्षं सर्वांत नाजूक. आठ वर्षांच्या पुढे, अक्कलदाढा सोडल्या तर, नवे डाग पडत नाहीत. म्हणून तुमच्या भाचीच्या दातांवरचे पट्टे आता नव्याने वाढणार नाहीत. पण हाडांवरचा परिणाम वय बघत नाही, तेव्हा तिचं पाणी बदलायलाच हवं. आणि डाग आहेत म्हणून कीड लागणार नाही असंही समजू नका. फ्लोरोसिस, म्हणजे जास्तीच्या फ्लोराइडने होणारा हा त्रास, तीव्र असेल तर कवचाला खळगे पडतात, टवके उडतात, आणि तिथे कीड सहज शिरते.

तुमच्या मुलाबद्दल एक विचारते. रात्री बाटलीने दूध पीत झोपायची सवय होती का? वरचे पुढचे दात किडलेले आणि खालचे पुढचे शाबूत, असं असेल तर बहुतेक वेळा तेच कारण निघतं. झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध वरच्या दातांभोवती साचतं आणि खालच्या दातांवर जीभ असते.

सगळ्या आईबापांना सांगते: महिन्यातून एकदा मुलाला उजेडात मांडीवर आडवं घ्या, वरचा ओठ उचला आणि दात कापसाने कोरडे करून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते. या टप्प्यावर फ्लोराइडने ती थांबते, कित्येकदा भरूनही येते. तिथे तपकिरी खड्डा झाला की मग ड्रिलिंग आलं. फ्लोरोसिसच्या पांढऱ्या रेघा वेगळ्या असतात. त्या दातभर आडव्या असतात आणि डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारख्या दिसतात.

पेस्टचं बघू. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) चालतं, आणि ते किती आहे हे ट्यूबवर आणि खोक्यावर छापणं बंधनकारक आहे. मुलांच्या रंगीत पेस्टमध्ये ते बरंच कमी असतं किंवा नसतंच, म्हणून आकडा वाचूनच घ्या. पहिला दात आल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा. रात्रीचं घासणं चुकवू नका. घासून झाल्यावर थुंकायला लावा, चूळ भरायला लावू नका, कारण पेस्टचा जो अंश उरतो तोच रात्रभर उपयोगी पडतो. सात-आठ वर्षांपर्यंत घासून द्यायचं काम मोठ्यांचं.

कडुनिंब

डॉक्टर, आदर राखून विचारतो. आमच्या आजोबांनी जन्मभर कडुनिंबाची काडी वापरली आणि शेवटपर्यंत दाताने ऊस सोलला. फ्लोराइडचा मेंदूवर परिणाम होतो, मुलांचा बुद्ध्यांक घटतो, असे अहवाल अमेरिकेतूनच आले आहेत ना? तिकडची राज्यं पाण्यातून फ्लोराइड काढून टाकताहेत, आणि आपण मुलांच्या तोंडात घालतोय. युटा आणि फ्लोरिडाने तर २०२५ मध्ये कायदाच केला.

मोजपट्टी

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. पाण्याच्या बाजूने लिहितो.

भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत सवलत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ आहे. आपल्या देशात कुठेही नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालत नाहीत. जे असतं ते खडकातून आलेलं. धरणाच्या पाण्यात ते सहसा फार कमी असतं. बोअर जितकी खोल आणि पाणी जितकं जास्त काळ खडकात राहिलेलं, तितकं ते वाढण्याची शक्यता. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत हा त्रास जुना आहे. देशात पहिली नोंद त्याहून जुनी, १९३७ ची, नेल्लोर जिल्ह्यातली.

लोकांना एक गोष्ट पटवून देताना फार वेळ जायचा. फ्लोराइडला या प्रमाणात ना चव, ना वास, ना रंग. पाणी जड लागतं, डाळ शिजत नाही, म्हणून फ्लोराइड असेल असं काही नाही. उलट कॅल्शियम भरपूर असलेल्या जड पाण्यात ते कमी विरघळतं, आणि सोडा असलेल्या, जिभेला मऊ लागणाऱ्या पाण्यात जास्त निघतं. दुकानदार टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण) मोजणारं मीटर बुडवून दाखवतो, त्यातूनही फ्लोराइड कळत नाही.

तपासणी अवघड नाही. गावात ग्रामपंचायतीकडे संच असतो. नळीत पाणी घ्यायचं, रसायनाचे थेंब टाकायचे. फ्लोराइड नसलं तर रंग गुलाबी-लाल राहतो, जसं वाढतं तसा तो पिवळट पडत जातो. मग सोबतच्या रंगपट्टीशी जुळवायचं. यातून अंदाज येतो. नेमका आकडा हवा तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत नमुना द्या. नमुना प्लास्टिकच्या बाटलीतच न्या, काचेच्या नको, कारण फ्लोराइड काचेला धरतं. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा. हातपंप असेल तर आधी चांगला उपसून मग भरा. बाटलीवर गाव, स्रोत आणि तारीख लिहा.

फिल्टरबाबत: पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, वाफ गेल्यामुळे प्रमाण वाढतंच. यूव्ही, मेणबत्तीचा फिल्टर, कोळशाचा फिल्टर, कशानेच जात नाही. आरओने बहुतेक सगळं जातं. तेव्हा आरओची खरी गरज निशिगंधताईंच्या नणंदेला आहे, पुण्यात ताईंना नाही. ज्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओ वापरू नये, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये सांगितलं होतं. यात पाणीही फार वाया जातं.

कॅल्गरीकर

इथला अनुभव लिहितो, कारण आमच्या शहराने दोन्ही टोकं बघितली आहेत. कॅनडातल्या कॅल्गरीच्या नगरपालिकेने २०११ मध्ये पाण्यात फ्लोराइड घालणं बंद केलं. शेजारच्या एडमंटनने १९६७ पासून चालू ठेवलंय. दोन्ही शहरं एकाच प्रांतातली, त्यामुळे तुलना करणं सोपं गेलं. सात-आठ वर्षांनी दुसरीतल्या मुलांचे दात तपासले, तेव्हा कॅल्गरीत कीड लागलेली मुलं सुमारे ६५ टक्के निघाली, एडमंटनमध्ये ५५. मग २०२१ मध्ये मतदान झालं, सुमारे ६२ टक्के लोकांनी फ्लोराइडच्या बाजूने कौल दिला, आणि ३० जून २०२५ पासून ते परत सुरू झालं. इथल्या नदीच्या पाण्यात मुळातच थोडं असतं. त्यात भर घालून लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम करतात.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इथे दातांचा खर्च अफाट आहे, आणि ज्यांच्याकडे विमा नाही त्यांच्या घरातही नळ असतोच.

डॉ. पारिजात

@कडुनिंब, तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून नीट उत्तर देते.

तुम्ही म्हणता तो अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा, ऑगस्ट २०२४ चा. पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असेल तर मुलांच्या बुद्ध्यांकावर परिणामाचा संबंध दिसतो, असं तो मध्यम खात्रीने सांगतो. ०.७ ला असा परिणाम होतो का हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही, हेही त्यातच लिहिलंय. आता हे आपल्या राज्याला लावून बघा. विदर्भातल्या ज्या बोअरला दोन-तीन मिलिग्रॅम निघतात, तिथल्या बाळांसाठी हा अहवाल खरा इशारा आहे, आणि तो सरकारने आणि आपण सगळ्यांनी गांभीर्याने घ्यायला हवा. पण पुण्यातल्या मुलाने वाटाण्याएवढी पेस्ट लावून थुंकली, त्याला तो इशारा लागू होत नाही.

पाण्यात फ्लोराइड घालण्याचा फायदा पूर्वीइतका राहिलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. फ्लोराइडची पेस्ट घरोघरी पोहोचल्यापासून तो कमी झालाय, असं कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात आहे. कॅल्गरीतला फरकही मोठा असला तरी एडमंटनमध्येही निम्म्याहून अधिक मुलांना कीड होतीच. साखरेचं गणित कुठलंही पाणी सोडवत नाही.

मुळात हे सगळं कळलं ते डागांवरूनच. फ्रेडरिक मॅके नावाचे दंतवैद्य १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेले, तर तिथल्या लोकांचे दात तपकिरी. वर्षानुवर्षं तपासत राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की हे डागाळलेले दात किडत मात्र कमी. कारण सापडायला १९३१ साल उजाडलं. पाण्यात फ्लोराइड निघालं. मग डाग न पडता कीड अडेल असं प्रमाण शोधलं गेलं आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात ते पहिल्यांदा घातलं. म्हणजे तुमच्या घरातल्या दोन मुलांचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी असाच समोर आला होता.

काडीबद्दल: कडुनिंब, बाभूळ, दोन्हींनी दात घासले जातात. आजोबांच्या दातांचं श्रेय काडीला आहे, पण त्यांच्या लहानपणी बिस्किटाचा पुडा, गोळ्या आणि डब्यातला रस नव्हता, त्यालाही आहे.

पैनगंगा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावकडचा. इथे जे होतं ते लिहितो, कारण शहरातल्या धाग्यांवर आमचं पाणी फारसं येत नाही.

गावात फ्लोराइड काढायचं संयंत्र बसतं, फोटो निघतात. त्यात अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचे दाणे असतात. ते फ्लोराइड शोषतात, पण काही महिन्यांनी भरून जातात. मग ते धुऊन परत चालते करावे लागतात, नाहीतर बदलावे लागतात. हे कोण करणार, पैसे कुठल्या खात्यातून, हे ठरलेलं नसलं की पाणी येत राहतं आणि फ्लोराइडही येत राहतं. लोक मात्र शुद्ध समजून पितात. हे बघून जीव तुटतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने शोधलेली नालगोंडा पद्धत स्वस्त आहे. तुरटी आणि चुना टाकून ढवळायचं, तासभर गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढून घ्यायचं. पण मात्रा पाण्याप्रमाणे ठरवावी लागते, आणि रोज करणारी बाई घरात तीच, जी आधीच दहा कामं करते.

मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो दुसरा स्रोत. आमच्या पुष्कळ गावांत जुनी उघडी विहीर असते आणि तिच्या पाण्यात बोअरपेक्षा फ्लोराइड कमी निघतं. पण ती गाळाने भरलेली, उन्हाळ्यात आटलेली. ती उपसून, बांधून, क्लोरीन टाकून चालू केली तर पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं पाणी मिळतं. अंघोळ, भांडी, गुरं बोअरवर चालतात, फ्लोराइड कातडीतून जात नाही. स्वयंपाकाचं पाणी मात्र विसरू नका. लोक प्यायला जार आणतात आणि वरण-भात बोअरच्या पाण्यात शिजवतात. डाळ ते सगळं पाणी पिते, आपण डाळ खातो.

आहाराचंही आहे. कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व पोटात असेल तर फ्लोराइडचा त्रास कमी होतो. दूध, ताक, तीळ, आवळा, पेरू. पावसाळ्यात तरोटा फुकट उगवतो, तुमच्याकडे टाकळा म्हणतात, त्यात कॅल्शियम चांगलं असतं. काळा चहा आणि काळं मीठ कमी करायला सांगतात, कारण दोन्हींत फ्लोराइड असतं.

कृष्णाकाठ

धागा फार उपयोगी, वाचनखूण साठवली. एक भर घालते. आमच्याकडे अजून घराघरात मिश्री भाजतात. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट-टूथपावडरवर १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? आजी लावते म्हणून नात लावते. पाण्यावर आणि पेस्टवर बोलताना हेही बोलूया.

निशिगंध

धागा वर काढतेय. मोजपट्टीकाकांनी सांगितल्याप्रमाणे प्लास्टिकच्या बाटल्यांत नमुने भरून दिले. पुण्याचा नळ ०.२. नणंदेच्या घरची बोअर २.४. त्यांच्याच गावातली देवळामागची जुनी विहीर ०.७! सासूबाईंना आकडे दाखवले. त्या बराच वेळ कागद बघत बसल्या, मग म्हणाल्या, विहिरीचं ग्रामसभेत मांडते. त्या आधी सदस्य होत्या, तेव्हा मांडतील.

मुलाच्या दातांना व्हार्निश लावलं, पेस्ट बदलली. डॉक्टर, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर हो, बाटलीची सवय होती. आता जेवणाबरोबर कपातून दूध, आणि मधल्या वेळी तहान लागली की फक्त पाणी.

दोन प्रश्न राहिले. गावी असताना मुलाने हीच पेस्ट वापरावी का? आणि भाचीच्या डागांवर काही उपाय आहे का? शाळेत मुली तिला विचारतात, दात घासत नाहीस का म्हणून.

डॉ. पारिजात

गावी असताना पिण्या-स्वयंपाकाला विहिरीचं किंवा आरओचं पाणी मिळणार असेल तर पेस्ट तीच ठेवा, प्रमाण तेवढंच, आणि थुंकतोय का ते उभं राहून बघा. बोअरचंच पाणी प्यावं लागणार असेल तर आधी पाण्याची सोय करा. तिथे कायमच्या राहणाऱ्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी फ्लोराइडची पेस्ट द्यायची की नाही हे तिथल्या दंतवैद्यांनी पाण्याचा आकडा बघून ठरवावं. मी इथून सरसकट सांगणार नाही.

भाचीसाठी उपाय आहेत. डाग वरवरचे असतील तर कवचाचा अगदी पातळ थर घासून काढतात, बरेच फिकट होतात. पांढऱ्या ठिपक्यांत पारदर्शक रेझिन जिरवता येतं. खोल तपकिरी असतील तर वरून दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट लावतात. या वयात दात घासून कॅप बसवायला कोणी सांगितलं तर थांबा, दुसरं मत घ्या. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे दाखवता येईल. आणि तिच्या वर्गशिक्षिकांशी नक्की बोला. हे पाण्यामुळे झालंय, तिच्या घासण्यामुळे नाही, हे वर्गाला एकदा कळायला हवं. त्या गावात ती एकटी नसणार.

मोजपट्टी

ताई, विहिरीचा आकडा छान आहे, पण नमुना पावसाळ्यानंतरचा आहे. मे महिन्यात पाणी खाली गेलं की परत एकदा तपासा, आणि त्या वेळी जंतूंसाठीही वेगळा नमुना द्या. त्याची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून मिळते, घरची चालत नाही. ग्रामसभेच्या ठरावाला दोन्ही ऋतूंचे अहवाल जोडले की कोणाला आडकाठी करता येत नाही.

पैनगंगा

ठराव झाला की कळवा. विहिरीचा गाळ काढायला आमच्या गटाची पोरं येतील.